कांताले सांगू नका

होळीपासून आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी बाबा स्वयंपाकघराकडे असे बघायचे, जसं काही कुकरनं मुद्दाम केलं. आणि हे सगळं म्हणे माझ्या शिक्षणामुळे. आता बोला!

मी मयुरी. वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी करते, म्हणजे करते आहे असं लोकांना सांगते. घर देवळीला. रोज सकाळी बस, रोज संध्याकाळी बस, आणि मधे दिवसभर पेशींचं खाणंपिणं. पेशींना रविवार नसतो, दिवाळी नसते. त्यांचं ते गुलाबी पाणी वेळेवर बदललं नाही तर त्या मरतात, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. माझी कंबर गेली, डोळे गेले, आणि लग्नाचं विचारणारे लोकही आता थकून गप्प झालेत.

होळीच्या आठवड्यात आईच्या छातीत गाठ निघाली. कांता आईचं नाव. आधी केमो द्यायचं, गाठ बारकी झाली की मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी बाबा माझ्या खाटेवर येऊन बसले आणि म्हणाले, "तू काय करते थे सांग बरं मले. नीट सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मला भरून आलं. मी सांगायला बसले.

"बाबा, अंगातली हरेक पेशी आपल्या जागेले अन् शेजारच्या पेशीले धरून राह्यते. धरून आहे तोवर तिले निरोप भेटत राह्यते, का तू जागेवर आहे, जग. पकड सुटली का निरोप बंद. मंग थे पेशी सोताच मरून जाते. पण गाठीतल्या काही पेशी लै चिवट. सुटल्या तरी मरत नाई, रक्तातून फिरते अन् दुसरीकडं घर करते. मी त्याहिले प्लेटीत सुट्या करते अन् पायते, कोण मरते अन् कोण जगते."

"अन् थे चिंतेचं काय म्हणत होती तू फोनवर?"

"माणूस भेला, काळजीत असला, का अंगात एक रसायन सुटते. थे प्लेटीत टाकलं तं सुट्या पेशी जराशा जास्त जगते, असं दिसून राह्यलं. पण प्लेटीत, बाबा. माणसात असंच होते असं कोणाले सांगता येत नाई."

शेवटचं बाबांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ते म्हणाले, "म्हणजे चिंतेनं गाठ जगते."

"प्लेटीत!"

"प्लेटीत जगते तं अंगात काऊन नाई जगन?"

झालं. तिथून सुरू झालं सगळं. बाबांचं नाव नानाजी, आणि उभा जन्म गेला एसटीत कंडक्टर म्हणून. गाडीत कोणाला चढवायचं, कोणाला कुठं बसवायचं, हे रिटायर झाले तरी त्यांच्या अंगातून गेलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्ची घेऊन फाटकावर बसायला लागले. आईला भेटायला येणाऱ्या हरेक माणसाला तिथंच थांबवून सांगायचं, आत काय बोलायचं नाही. कोणी मेलं ते बोलायचं नाही. कोणाचा आजार बोलायचा नाही. सोयाबीन पिवळं पडलं, पोरगं दारू पिऊन राह्यलं, सून भांडून माहेरी गेली, काही म्हणजे काही बोलायचं नाही. टीव्हीवरच्या बातम्या बंद. आईचा मोबाइल बाबांच्या खिशात, का तर म्हणे रिचार्ज संपला.

शेजारच्या विमलाबाईंनी तर त्यांना तोंडावरच विचारलं, "मंग बोलावं काय हो माणसानं, नानाजी? मुकी येऊ का मी?"

तरी त्या आल्या. खाटेजवळ बसल्या. "गरम होऊन राह्यलं बाप्पा," म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "गरमच होऊन राह्यलं." मग पदरानं वारा घेतला आणि उठल्या. पुन्हा काही त्या आल्या नाहीत. कोण येईल? बाईमाणूस दुसऱ्या बाईजवळ मन मोकळं करायला येते, हवामान सांगायला नाही येत.

हळूहळू सगळंच बंद झालं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि आमच्याकडे ते आईच वाचायची. शाळा सातवीपर्यंतच, पण वाचन असं की बाहेर ओट्यावर पत्ते खेळणारे पोट्टेसुद्धा पत्ते खाली ठेवून ऐकायचे. यंदा बाबांनी तेही बंद केलं. "तिथी बायका आपआपले दुखडे काढते," म्हणाले, "कायले पाह्यजे?" आई म्हणाली, "बरं." औषधानं ती इतकी गळून गेली होती की तिच्यात भांडायचं त्राण नव्हतं. संध्याकाळी भोंग्यावरून दुसऱ्या कोणी बाईचा आवाज यायचा. आई खाटेवर उताणी पडून ऐकायची आणि बाई अडखळली की पुढचा शब्द छताला सांगायची.

आणि रोज एक प्रश्न. मी बसमधून उतरून घरात पाय टाकला, की आधी तोच.

"काऊन गं, ताईचा फोन नाई आला आज बी?"

ताई म्हणजे माझी मावशी, सुमित्राबाई. हिंगणीला असते, बोर धरणाच्या अंगाला. आईपेक्षा बरीच मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा मावशीनंच आईला कडेवर घेऊन कापूस वेचला, शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. दोघींचा रोज फोन असायचा. काय भाजी केली इथपासून. आता फोनच बाबांच्या खिशात.

"मावशीचा मोबाइल बिघडला म्हणे," मी सांगायची. हे वाक्य बाबांनी मला पाठ करून दिलं होतं.

"निकेशच्या मोबाइलवरून तं करता येते." मग हळूच, "माह्या आजाराले भेली का गं ताई बी?"

"नाई गं आई, काहीतरीच."

"मंग सारेच काऊन येईनासे झाले?"

बाबा दारात उभे राहून माझ्याकडे बघत असायचे. मी थकून आलेली असायची, खरं सांगते, त्यात पडायची ताकद नसायची. मी हातपाय धुवायला निघून जायची.

निकेशचा, म्हणजे मावशीच्या पोराचा, फोन आला तेव्हा मी लॅबमधे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. पोळा झाला होता, सोयाबीन कापायला यायचं होतं. बाहेर येऊन फोन घेतला.

"मयुरीताई, आईचं काही खरं नाई. हार्ट पुरं गेलं म्हणते डॉक्टर. घरी घेऊन जा म्हटलं. घरी आणलं काल. थे सारखी म्हणते, कांती काऊन येत नाई. कांतामावशीले पाठवा ना."

"तुझ्या आईला माझ्या आईचं माहीत आहे का?"

"नाई ना. मावसाजीनं होळीलाच बजावलं होतं, ताईचं हार्ट कमजोर आहे, कांताचं तिले सांगू नका. तिले वाटते कांतामावशी रागावली. मांगच्या दिवाळीत ओवाळणीवरून दोघींचं काही बोलणं झालतं, त्याचाच राग धरून बसली असं तिले वाटून राह्यलं."

मी कॉरिडॉरमधे तशीच उभी राहिले. म्हणजे इकडे आईला वाटतंय ताई आपल्या आजाराला भेली, आणि तिकडे मावशीला वाटतंय कांती रागावली. एक इथं खाटेवर, एक तिथं खाटेवर. आणि मधे बाबा, दोन्हीकडचं फाटक लावून बसलेले. मला इतका राग आला, इतका राग आला, की रडूच आलं.

पण खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. मी आत जाऊन परत मायक्रोस्कोपवर बसले. डाव्या हाताच्या प्लेटमधे नुसत्या गुलाबी पाण्यातल्या सुट्या पेशी होत्या, बऱ्याचशा मेलेल्या, चुरा होऊन तरंगणाऱ्या. उजवीकडच्या प्लेटमधे ते काळजीचं रसायन घातलेल्या. त्यातल्या कितीतरी जिवंत. तळ सुटला होता, जागा सुटली होती, तर त्यांनी एकमेकींनाच धरून घेतलं होतं. चार इकडे, दहा तिकडे, घोळके करून मजेत. बघा, म्हटलं, या हरामखोरांना कळतं की एकटं राहिलं की मरतो. आणि आम्ही जित्याजागत्या बाईला घरात एकटं पाडलं, तिला जगवायचं म्हणून!

तरी उजवीकडची प्लेट होती ती होतीच. ती मी नाकारू शकत नव्हते. मॅडमकडे गेले. आमच्या गाइड मॅडम, नंदिनी त्यांचं नाव. आई आजारी पडल्यापासून त्या मला काही विचारत नाहीत, नुसता चहा पुढे करतात. त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मॅडम, मी बाबांना सांगू का, की याचा काही संबंध नाही म्हणून?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संबंध नाही असं मी सांगू शकत नाही, मयुरी. आणि आहे असंही नाही सांगू शकत. एका बाईला एक वाईट बातमी सांगितली तर तिची गाठ किती वाढेल, हे जगात कोणालाच सांगता येत नाही."

"मग एवढी वर्षं आपण करतोय काय?"

"तेच शोधतोय," त्या म्हणाल्या आणि थकून हसल्या. "जा तू घरी."

देवळीला उतरले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. बाबा फाटकावर. मी त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि निकेशचा फोन सांगितला. त्यांना आधीच माहीत होतं. सकाळीच कळलं होतं. म्हणजे दिवसभर हा माणूस हे पोटात घेऊन फाटकावर बसला होता.

"सांगायचं नाई," ते म्हणाले.

"मावशी जाईल, बाबा."

"हळू बोल."

मग आम्ही कुजबुजत भांडलो. असं भांडण मी जन्मात केलं नव्हतं. हात नाचवायचे, डोळे वटारायचे, आणि आवाज मात्र देवळातल्यासारखा. रस्त्यानं जाणारे बघत होते.

"नेलं तिले अन् तिच्या डोळ्यादेखत ताई गेली तं? थे धक्का कोण झेलन?"

"आईच झेलन. तिची बहीण आहे थे."

"अन् गाठ वाढली तं?"

"वाढली तं वाढली! तिले वाटून राह्यलं, ताई आपल्या आजाराले भेली. याची चिंता नाई होत का तिले? हे चालते का तुमच्या नियमात?"

"तुहीच प्लेट म्हणते ना," बाबा म्हणाले. "तूच सांगितलं मले. मी कोठून आणणार होतो हे? मी कंडक्टर माणूस. मले दुसरं काही करता येत नाई तिच्यासाठी. गाठीले हात लावता येत नाई, केमो मले देता येत नाई. एवढंच हातात होतं, थे केलं."

हे ऐकून माझं पाणी झालं असतं. पण मी फार दमले होते, आणि दमलेल्या माणसाला दया उशिरा येते. मी ओरडले.

"आग लागो त्या प्लेटीले!"

होळीनंतरचा पहिला मोठा आवाज. पलीकडच्या आवारात विमलाबाई धुणं काढता काढता थांबल्या. आणि आमच्या दारात आई येऊन उभी राहिली, डोक्याला फडकं बांधलेली, चौकट धरून.

"काय झालं? कायची आग?"

बाबा उठले, मधे आले. मी त्यांच्या खांद्यावरून सांगून टाकलं. "आई, सुमित्रामावशी लै बिमार आहे. हार्ट गेलं तिचं. तुले बोलावून राह्यली. तिले तुह्या गाठीचं कोणी सांगितलंच नाई. थे भेली नाई तुले."

आईनं चौकट आणखी घट्ट धरली. मला वाटलं पडते की काय, मी धावले. ती पडली नाही. तिनं बाबांकडे पाह्यलं. मग इतकंच विचारलं, "हिंगणीची पहिली बस कितीले?"

बाबा खाली बघत म्हणाले, "आधी वर्ध्याची साडेपाचले. तिथून सेलू. सेलूले हिंगणीची लागून असते."

"मंग चार वाजता पाणी तापवजा," आई म्हणाली आणि आत गेली.

सकाळी तिघंही निघालो. बाबांना कोणी चला म्हटलं नव्हतं, ते आपले मागून आले. वर्ध्याच्या गाडीत ते पुढं कंडक्टरच्या सीटजवळ बसले, आमच्याकडे पाठ करून. सेलूच्या गाडीत आईशेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली, मांडीवर वांग्यांची पिशवी. ओळख ना पाळख, सरळ म्हणाली, "अवो बाई, डोक्शाचे केस कोठी गेले?"

समोर बाबांची मान ताठ झाली. आई म्हणाली, "गाठ झाली ना जी छातीत. औषधानं गेले."

"मायबाई! दुखते का?"

"दुखत नाई. पण तोंडाची चव गेली. पाणी बी लोखंडावाणी लागते."

आणि मग जी ती सुटली! रात्री झोप येत नाही ते सांगितलं, नखं काळी पडली ती दाखवली, उलटीचं सांगितलं, मेली तर पोरीचं कसं होईल हेही सांगितलं, मी शेजारी बसलेली असताना. त्या बाईनं आपला गेलेला मुलगा सांगितला. दोघींनी डोळे पुसले. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं व्हायला लागलं होतं. उतरताना त्या बाईनं पिशवीतली दोन वांगी काढून आईच्या ओटीत टाकली. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग दिसला. मला लाज वाटली, आणि हेवाही वाटला त्या बाईचा. आम्हा घरच्यांना जे होळीपासून जमलं नाही, ते तिनं सेलू यायच्या आत केलं.

हिंगणीत मावशी समोरच्या खोलीत खाटेवर होती, तीन उशांना टेकून. श्वास घेताना खांदे वर जात होते. निकेश म्हणाला, "आई, पाय कोण आलं." मावशीनं डोळे उघडले. आई दारात उभी. तिनं काय केलं, तर डोक्याचं फडकं सोडून हातात घेतलं.

मावशी बघतच राहिली. "कांती? केस कोठी गेले तुहे?"

"गाठ झाली, ताई. छातीत."

"कधी?"

"होळीले कळलं."

मावशीनं दोन-तीन श्वास घेतले. एक वाक्य बोलायलाही तिला तेवढे लागायचे. "अन् मले कोणी सांगितलं नाई. मले वाटलं, तू ओवाळणीचा राग धरून बसली."

"अन् मले वाटलं तू भेली मले. इकडं फिरकत बी नाई."

मावशीनं मान वळवून आम्हा सगळ्यांकडे पाह्यलं. बाबा, निकेश, मी, रांगेत उभे. "मुडद्यांनो," ती म्हणाली, "आम्हाले जितेपणीच मारलं तुम्ही." आणि मग आईला, "उभी काऊन आहे? ये. सरक इकडं." तिला स्वतःला धड हलता येत नव्हतं, तरी ती भिंतीकडे सरकली, बोटभर सरकली. आई त्या तेवढ्या जागेत आडवी झाली. मावशीनं तिच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला आणि आई रडायला लागली. मोठ्यानं. पोरीसारखी, नाक वाहेपर्यंत.

बाबांच्यानं राहवलं नाही. ते पुढं झाले. "कांता, जास्त रडू नको, तुले..."

"रडू द्या मले," आई तोंड न वळवता म्हणाली. "माह्या गाठीले त्रास होऊ नये म्हणून जपलं तुम्ही इतके दिवस. मले कोणी विचारलं?"

बाबा मागे फिरले. मी थोड्या वेळानं बाहेर आले तर ते मागच्या आवारात न्हाणीच्या दगडावर बसले होते, नळ सुरू करून ठेवला होता आणि त्या आवाजात रडत होते. मी नळ बंद केला. त्यांच्याजवळ बसले.

आई आमच्यासोबत परत आलीच नाही, तिथंच राहिली. मावशीला आंघोळ घालायची, पेज भरवायची. दोघी मिळून सगळ्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी काढायच्या, जितक्यांचं बोलायचं नाही म्हणून बाबांनी फाटकावर सांगितलं होतं तितक्या सगळ्यांच्या. हिंगणीच्या बाया येऊन बसायच्या. आठवडा उलटला आणि एका दुपारी पेज भरवता भरवताच मावशी गेली. आईच्या हातात चमचा होता. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मावशीच्या शोकसभेला, आई बोलायला उभी राहिली, चार शब्द बोलली आणि तिला पुढं बोलवेना. तेव्हा दोन बायांनी दोन बाजूंनी तिला धरलं. तशीच धरलेली ती पुढचं बोलली.

मी लॅबमधे परतले तर प्लेटा मेल्या होत्या. सगळ्या, डावीकडच्याही आणि उजवीकडच्याही. पुन्हा लावाव्या लागणार होत्या. लावल्या. न लावून सांगते कोणाला!

त्यानंतर आईची तपासणी आली. बाबा आणि मी डॉक्टरांसमोर बसलो होतो, आई बाहेर बाकावर. डॉक्टर फिल्म बघत म्हणाले की गाठ कमी व्हायला हवी होती, ती झाली नाही. उलट थोडी वाढली आहे. हे औषध लागू पडत नाही, दुसरं देऊन बघू.

मी बाबांकडे पाह्यलं नाही. मला माहीत होतं ते माझ्याकडे बघतायत. मी डॉक्टरांना विचारलं, मधे घरात एक मरण झालं, त्यानं असं होतं का? ते म्हणाले, औषध लागू पडलं नाही म्हणून वाढली, त्यापलीकडचं मला सांगता येणार नाही. मॅडमचंच उत्तर. आता हे उत्तर जन्मभर माझ्यासोबत राहणार. काही झालं तरी रात्री आठवणार.

बाहेर आलो. आई बाकावर शेजारच्या पेशंटबाईशी बोलत बसली होती. आम्हाला बघून उठली. बाबांनी फिल्मचा लिफाफा पाठीमागे धरला, अगदी सवयीनं.

"काय म्हणलं डॉक्टरनं?"

बाबांनी माझ्याकडे पाह्यलं. मी तोंड उघडलं नाही. हे त्यांचं होतं. लोक आजूबाजूनं जात होते, कोणाचं नाव पुकारलं जात होतं. मग त्यांनी लिफाफा पुढं आणला आणि आईच्या हातात दिला.

"वाढली, कांता," ते म्हणाले. "थोडी वाढली. औषध बदलून पायतो म्हणते."

आईनं लिफाफा घेतला. उघडला नाही. बाबांचा हात मात्र तसाच पुढं राहिला होता, तो तिनं दोन्ही हातांत धरला.

"बरं," ती म्हणाली. "ताईले माह्या हातची आंघोळ झाली." मग बाबांच्या तोंडाकडे बघून, "तुम्ही चहा बी नाई घेतला ना सकाळपासून? चला. चहा घेऊ, मंग साडेचारची बस भेटन."